मान खाली घालून ऐकलेला दुसरा भाग

“अम्मा, रेटिनल डिटॅचमेंट है,” डॉक्टर म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो घंटावालीचा. तिचं आता काय होणार?

डोळा वाचेल का, ऑपरेशन कधी, रजा मिळेल का, हे शहाण्या माणसाचे प्रश्न नंतर आले. खोटं कशाला सांगू? उद्या तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे, तेव्हा जे झालं ते झालं तसंच सांगते.

आधी आजार. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. बाहेरचं चित्र त्याच्यावर उमटतं म्हणून आपल्याला दिसतं. तो रेटिना. माझ्यासारखा मोठा मायनस नंबर असलेल्यांचा हा पडदा ताणून विरलेला असतो. त्याला बारीक छिद्र पडलं की डोळ्यातलं पाणी त्यातून मागे शिरतं, आणि ओल आलेल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटावा तसा तो सुटत जातो. त्यालाच रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. दुखत मुळीच नाही, आणि हीच त्यातली वाईट गोष्ट आहे. दुखलं असतं तर मी आधीच डॉक्टरकडे गेले असते.

आता घंटावाली. ती माझ्या सुनेच्या पुस्तकातली. माझी सून मौनिका वरंगळकडची, तेलुगू. तिचं आणि माझ्या सुमेधचं लग्न होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. ती घरी आली ती कपड्यांच्या दोन बॅगा आणि पुस्तकांची खोकी घेऊन. जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या, मुखपृष्ठावर सोनेरी वेलबुट्टी, तलवारी, मुकुट. याला म्हणे रोमँटिक फँटसी म्हणतात. म्हणजे जादू, शाप, राजे-रजवाडे, आणि या सगळ्या धामधुमीत दोघांचं प्रेम. एकेका गोष्टीचे तीन-तीन, चार-चार भाग. मी तिला चिडवायची, “एवढ्या पानांत तर आमच्याकडे दोन पिढ्यांची लग्नं उरकतात.”

एका रविवारी कंटाळा आला म्हणून त्यातला एक पहिला भाग उघडला आणि फसले. डोंगरातलं गाव, तिथे घंटा ओतणाऱ्याची मुलगी. तिने ओतलेली एक घंटा वाजली की धुक्यातून कुणीतरी यायचं. नायिकेचं नाव इतकं जोडाक्षरी की मी तिला घंटावाली म्हणू लागले आणि धुक्यातल्या राजपुत्राला धुकेवाला. आमच्या हैदराबादच्या काचीगुड्यात दारावर येणाऱ्या भाजीवाल्यांना हाक मारतो तसं. मौनिका हसून लोटपोट व्हायची, पण तिनेही तीच नावं उचलली. ऑफिसात डबा खाताना, मोबाइलवर शब्दांचे अर्थ बघत बघत मी तो भाग संपवला, आणि तिने कोटी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवरून दुसरा भाग आणून माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या भागात धुकेवाल्याला शाप लागतो आणि तो घंटावालीला विसरतो. त्याची आठवण एका तळ्याच्या तळाशी आहे. ती काठावर उभी आहे, एक पाय पाण्यात आहे. इथपर्यंत मी एके सकाळी घरी वाचलं, आणि पानाच्या खालच्या ओळी काळ्या झाल्या. दिवे गेले असं वाटून मी वर पाहिलं. दिवे चालू होते. काळं माझ्या डोळ्यात होतं.

त्याच्या आधी काही दिवस नजरेसमोर काळे ठिपके तरंगत होते. त्यांना फ्लोटर्स म्हणतात. डोळ्याच्या कोपऱ्यात मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायचं. त्यांना फ्लॅशेस म्हणतात. मी चष्म्याला दोष देत बसले. तुम्ही बसू नका. अचानक ठिपके वाढले, विजा चमकल्या, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

माझं जास्त अवघड असं की माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे. डॉक्टर त्याला लेझी आय म्हणतात. डोळा दिसायला धडधाकट, पण मेंदू त्याचं ऐकत नाही. त्याने मला माणसांचे आकार दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. म्हणजे वाचायला, नोकरीला, रस्ता ओलांडायला मला एकच डोळा होता, आणि पडदा सुटला तो त्याचाच.

मी हाक मारली तेव्हा मौनिका कॉम्प्युटरवर कुठल्याशा मीटिंगमध्ये होती. तशीच उठली. सुमेध तेव्हा कामासाठी बेंगळुरूला होता आणि त्याचे पप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा घरात आम्ही दोघीच. तिने रिक्षा केली, जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात बघून लगेच मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

तिथल्या वेटिंग रूममध्ये सगळेच डोळे मिटून बसलेले. सिस्टर येऊन थेंब घालायच्या आणि म्हणायच्या, “कळ्ळु मूसुकोंडी.” माझं लग्नच हैदराबादेत झालं, उमेदीची सगळी वर्षं इथे गेली, पण माझं तेलुगू भाजी आणि बस एवढंच. ऑफिसात दखनी चालते, घरात मराठी. मला ‘कल्लु’ म्हणजे ताडी एवढं ठाऊक होतं. सकाळी सकाळी ही बाई ताडीचं काय म्हणते आहे, अशा विचारात मी डोळे टक्क उघडे ठेवून बसले, आणि थेंब गालावर ओघळले. मौनिकाने माझ्या पापण्यांवर हात ठेवला. “डोळे मिटा म्हणते, अत्तम्मा.” अत्तम्मा म्हणजे सासूबाई. ती मला तसंच म्हणते.

मग बी-स्कॅन झालं. म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. मिटल्या पापणीवरून यंत्र फिरवतात, दुखत नाही. मग ओसीटी. म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. मग डॉक्टरांनी मला आडवं करून, डोक्याला दिवा लावून, खूप वेळ आत पाहिलं, आणि ते वाक्य उच्चारलं.

डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. त्या आधी इंग्रजी शब्द सांगायच्या, मग क्षणभर थांबून तो सोपा करून सांगायच्या.

“मॅक्युला ऑन है अम्मा. मॅक्युला बोले तो पडदे का बीच का हिस्सा. पढना, लोगों की शकल पहचानना, सब उसी से. वो अभी चिपका हुवा है. वो छूटने से पहले ऑपरेशन करना. कल.”

“और छूट गया तो?”

“तो पढना मुश्किल.” त्यांनी फिरवून सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. “क्या पढ रहे थे?”

माझ्याऐवजी मौनिकाने सांगितलं. फँटसी, दुसरा भाग.

“तीसरा भी पढना है ना? तो आज से सर हिलाना नक्को, पढना नक्को. चुप लेटने का.”

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनचा हिरवा झगा घालून मी थिएटरच्या दाराशी बसले होते. मौनिका माझ्या पायाशी उकिडवी बसली. तिचं मराठी सुमेधने शिकवलेलं, आणि सुमेधचं मराठी म्हणजे तुम्ही समजून घ्या. पण माझ्याशी ती हट्टाने मराठीच बोलते. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “अत्तम्मा, मला तुमच्यावर खूप अभिमान आहे.”

एक डोळा जाण्याच्या बेतात, दुसरा नावापुरता, पण माझ्यातली मास्तरीण जागी. मी म्हटलं, “तुमच्यावर नाही गं. तुमचा. तुमचा अभिमान आहे, असं म्हणायचं.” शिवाय मनात आलं, मी अजून केलंय काय, हिला अभिमान वाटायला?

तिने मान हलवली आणि माझे हात सोडले. तेवढ्यात मला आत नेलं.

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टॉमी. डोळ्यात जेलीसारखा पदार्थ असतो, तो काढून टाकतात, पडदा जागेवर बसवतात आणि छिद्राच्या कडेने लेझरने टाके घातल्यासारखं करतात. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. मी जागी होते. कुजबुज ऐकू येत होती, रंगीत पाण्यासारखं काहीतरी हलताना दिसत होतं. भीती वाटली ती फक्त इंजेक्शनची. बाकीच्याला तुम्हीही घाबरू नका.

खरी परीक्षा नंतर असते. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. बुडबुडा वर तरंगतो हे तर आपल्याला ठाऊकच आहे. पडदा असतो डोळ्याच्या मागच्या भिंतीला. म्हणजे बुडबुड्याने पडदा दाबून धरायचा असेल, तर माणसाने तोंड जमिनीकडे करून राहायचं. बसताना, जेवताना, झोपताना. याला फेस-डाऊन पोझिशन म्हणतात. डॉक्टर म्हणाल्या, “ऑपरेशन आधा मैं करी. आधा आप करना है.”

आमच्या घरी रोज सकाळी वंदना असते. बुद्धमूर्तीपुढे मी वाकते ती क्षणभर. आता चोवीस तास वाकायचं होतं.

काही उपयोगी गोष्टी सांगून ठेवते. प्रवासात मानेला लावतात ती गोल उशी आणा. तिच्यात चेहरा ठेवून पालथं झोपता येतं आणि नाकाला जागा राहते. बसायला खुर्ची उलटी करा आणि पाठीवर कपाळ टेका. पाणी, ताक, पातळ वरण, सगळं स्ट्रॉने प्या. मी इराणी चहासुद्धा स्ट्रॉने प्यायले, थंड करून. आणि आरशाकडे फिरकू नका.

गॅस असेपर्यंत त्या डोळ्याने नीट दिसत नाही. एक गंमत मात्र आहे. डोळ्याच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर काही धरलं तर ते मोठं आणि स्वच्छ दिसतं. मी चादरीचे धागे मोजले. मग मौनिकाची पाठ वळल्यावर कादंबरी नाकाला लावून बघितली. एक अक्षर दिसलं, ‘टी’. शब्द दिसेना. पकडले गेले तेव्हा तिने पुस्तक काढून घेतलं आणि म्हणाली, “मी वाचते ना, अत्तम्मा. तुमी आइकायचं.”

वाचायला बसली खरी, पण ऐकलेलं इंग्रजी मला झेपेना. डोळ्यांनी मी शब्दावर थांबू शकत होते, कानाला थांबता येत नाही. मी म्हटलं, “तू वाच मनात आणि मला मराठीत सांग.” मग रोज तिचं ऑफिसचं काम आटोपलं की ती जमिनीवर माझ्यासमोर मांडी घालून बसायची आणि माझ्या चेहऱ्याखाली तिचा आवाज यायचा. डाव्या डोळ्याला तिची पावलं तेवढी दिसायची. पायांतली जोडवी, आणि गोष्ट रंगात आली की हलणारे अंगठे.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “घंटावाली तळ्यात उतरते. खाली खाली जाते. आणि मग, अत्तम्मा, ती दुसऱ्या प्रपंचात जाते.”

मी चमकले. “दुसऱ्या? आणि पहिला?”

“पहिला वरच राहतो ना. धुकेवाला तिथेच.”

अरे देवा, म्हटलं, काय धीट बाई! नवरा विसरला म्हणून चार पानं रडेल असं वाटलं होतं, हिने तर सरळ दुसरा संसार थाटला. तळ्याच्या राजाबरोबर असणार. पुढे मौनिका सांगू लागली, “त्या प्रपंचात आवाज नसतो. कुणी बोललं तरी आइकायला येत नाही.” मी पालथ्या पालथ्या मान डोलावली. लेखिकेने किती खरं लिहिलंय. “त्या प्रपंचात सूर्य नाही.” हेही कित्येकींचं असतं. “त्या प्रपंचात कुणाला भूक लागत नाही.” इथे मात्र मी अडले. “मग ती बाई दिवसभर करते तरी काय?”

मौनिकाला माझे प्रश्न कळायचे नाहीत, मला तिची उत्तरं. पण आम्हा दोघींनाही वाटायचं की हे फँटसीमुळे होतंय.

भांडणसुद्धा झालं. ती म्हणायची, घंटावालीने परत यायला हवं, तो प्रपंच तिचा नाही. मी म्हणायची, “का यावं? त्याने ओळखलं नाही ना तिला? मांडलाय दुसरा, तर करू दे सुखाने.”

“नाही अत्तम्मा, जास्त दिवस राहिली तर ती मरेल तिथे.”

“काही मरत नाही. सवय होते.”

तिने पुस्तक मिटलं. मला वाटलं, माझा पुरोगामीपणा हिला झेपला नाही. मग दुपारी पडल्या पडल्या वेगळाच किडा डोक्यात शिरला. ही रोज मला दुसऱ्या प्रपंचाचं का ऐकवते आहे? मी एकटी, पुढेमागे नोकरीही संपणार. सुमेधने आणि हिने मिळून काही ठरवलं तर नाही? मला काही सुचवायचा तर बेत नाही? कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं, पण चोवीस तास जमिनीकडे बघत बसलेल्या माणसाचं डोकं सरळ चालत नाही. हेही लिहून ठेवते, आजाराचाच भाग आहे तो.

मग तपासणीचा दिवस आला. रिक्षातसुद्धा मी मान खाली घालून बसले, त्यामुळे काचीगुड्यापासून हॉस्पिटलपर्यंत मला फक्त आमचे पाय दिसले. डॉक्टरांनी खूप वेळ बघितलं.

“सबरेटिनल फ्लुइड है थोडा. बोले तो पडदे के पीछे अभी पानी है. पूरा नै बैठा. और कुछ दिन सर नीचे.”

“बैठेगा ना?”

“बैठना चाहिए,” त्या म्हणाल्या. ‘बैठेगा’ म्हणाल्या नाहीत.

त्या दिवशी मी घरी आले ती अगदी खचून. मान भरून आली होती, पालथं पडून पडून छाती दुखत होती, आणि तो ‘चाहिए’ कानातून जात नव्हता. मला वाचता आलं नाही तर मी काय करणार होते? ऑफिसात माझ्या टेबलावर दिवसभर कागदच असतात. घरी कपाटभर मराठी पुस्तकं आहेत, वर्गणी भरून जमवलेली. सुमेधचे पप्पा गेल्यानंतर मला कुणी सावरलं असेल तर त्या कपाटाने. मला एकाएकी फार भीती वाटली. पालथं पडून रडलं की पाणी सरळ खाली पडतं, गालावरून ओघळतसुद्धा नाही. डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको असं सांगितलं होतं, म्हणून मी रडणंही आवरतं घेतलं.

माझा जीव रमावा म्हणून मौनिका पुस्तक घेऊन समोर बसली. नेहमीच्या उत्साहाने म्हणाली, “चला अत्तम्मा, दुसऱ्या प्रपंचात जायचं का?”

माझा बांध फुटला. “नाही जायचं मला कुठल्या दुसऱ्या प्रपंचात! आहे तोच प्रपंच पुरे झाला मला!”

जोडवी घातलेली पावलं एकदम मागे सरकली. पुस्तक पडल्याचा आवाज झाला. मग ती पावलं धावत आतल्या खोलीत गेली, आणि तेलुगूत रडत रडत ती फोनवर काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळाने परत येऊन तिने फोन माझ्या चेहऱ्याखाली जमिनीवर ठेवला. त्यातून सुमेधचा आवाज आला, पार घाबरलेला.

“आई, काय बोललीस तू मौनिकाला? जगायचं नाही म्हणालीस?”

“मी?” मला काही कळेना. “मी म्हटलं मला दुसरा प्रपंच करायचा नाही. तुम्हा दोघांना माझं लग्नबिग्न लावायची हौस असेल तर डोक्यातून काढून टाका.”

सुमेधने विचारलं, “शब्द काय वापरलास, आई? प्रपंच?”

“हो. रोज तीच तर वापरते. घंटावाली दुसऱ्या प्रपंचात गेली.”

आणि माझा मुलगा जो हसत सुटला तो थांबेचना. त्याचं हसणं ओसरायची वाट बघत आम्ही दोघी जमिनीवरच्या फोनकडे बघत बसलो, मी वाकून आणि ती माझ्या शेजारी वाकून.

“आई, प्रपंचम् म्हणजे तेलुगूत जग. वर्ल्ड. घंटावाली दुसऱ्या जगात गेली गं, लग्न नाही केलं तिने! आणि मौनिका, मराठीत प्रपंच म्हणजे संसारम्. घर, नवरा, मुलं.”

मी मनात सगळी गोष्ट पुन्हा मांडली. दुसऱ्या जगात आवाज नाही. दुसऱ्या जगात सूर्य नाही, भूक नाही. ती तिथे राहिली तर मरेल. आणि मी काय सल्ला देत होते? सवय होते म्हणून! आणि मघाशी मौनिकाने काय ऐकलं? आहे ते जग पुरे झालं मला. बिचारी पोर.

तेलुगू वाक्यात तो शब्द आला असता तर मी कान तरी टवकारले असते. मराठी वाक्यात आला, म्हणून मराठीच वाटला.

डॉक्टरांनी खोकायला, शिंकायला, जोरात हसायला मना केलं होतं. ओठ आवळून, उशीला धरून मी हसू दाबलं. मौनिका रडत होती की हसत होती ते मला दिसत नव्हतं. तिने माझ्या पाठीवर डोकं टेकलं, आणि ती थरथर माझ्या पाठीत पोचली. पुष्कळ दिवसांनी मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून ‘चाहिए’ कमी टोचू लागला. मान खाली घालण्यात मी कसूर केली नाही. घंटावाली आता खरोखरच्या दुसऱ्या जगात हिंडू लागली आणि मला तिची काळजी वाटू लागली. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा मात्र मौनिकाने पुस्तक मिटलं. “हे तुमी वाचायचं. डोळ्यांनी.”

“आणि नाही दिसलं तर?”

“मग मी सांगते ना. पण आधी तुमी.”

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी बघितलं, सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अटॅच्ड. बोले तो चिपक गया, अम्मा. अब सर उठाओ.”

मान वर केल्यावर मला प्रथम दिसली मौनिका, डाव्या डोळ्याने, धूसर. इतके दिवस पावलांवरून ओळखलेली पोरगी केवढी बारीक झाली होती. गॅस नंतर हळूहळू विरला. वरच्या बाजूने स्वच्छ दिसू लागतं आणि खाली बुडबुड्याची रेघ हिंदकळते, ती रोज थोडी खाली सरकते. शेवटी एक इवलासा गोळा उरतो आणि एके दिवशी तोही नाहीसा होतो. तोवर विमानात बसायचं नाही, उंच घाटावरही जायचं नाही. हाताला तसं लिहिलेली पट्टी बांधतात, ती काढू नका.

गॅस गेल्यावर शेवटची मोठी तपासणी झाली. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मी वाचत गेले, आणि मागे उभी राहून मौनिका श्वास रोखून ऐकत होती. खालच्या बारीक ओळी नाही जमल्या. पण डॉक्टर म्हणाल्या, नवा चष्मा लागला की पुस्तक वाचता येईल. सरळ रेघ मला अजून किंचित वाकडी दिसते. पुढे या डोळ्यात मोतीबिंदूही होईल, असं त्यांनी सांगून ठेवलंय. होऊ दे. त्याचं ऑपरेशन तरी मान वर करून असतं.

मी डॉक्टरांना हात जोडले. त्या म्हणाल्या, “मेरेको कायको? बहू को जोडो. हर बार आपसे ज्यादा सवाल इसके. बहुत अभिमानम् है इसको आप पे.”

‘आप पे’. माझ्यावर.

मी विचारलं, “डॉक्टर, अभिमानम् बोले तो? प्राउड?”

“नै अम्मा. प्राउड बोले तो गर्वम्.” त्या नेहमीसारख्या क्षणभर थांबल्या, रेटिना आणि मॅक्युला समजावताना थांबायच्या तशा. “अभिमानम् बोले तो लगाव. किसी को अपना समझ के, दिल से चाहना. वो.”

मौनिका फायलीतले कागद नीट लावत होती. तिने मान वर केली नाही.

रिक्षात मला ते सगळं पुन्हा दिसलं. थिएटरचं दार, तो हिरवा झगा, पायाशी बसलेली ती. माझ्या आयुष्यात मला असं तोंडावर कुणी म्हटलं असेल तर आठवत नाही, आणि मी त्याचं व्याकरण सुधारलं होतं.

नवा चष्मा आला त्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि दुसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण उघडलं. अक्षरं होती. प्रत्येक ओळ थोडी लहरत होती, पण शेवटपर्यंत काळी होत नव्हती. मौनिका गॅसजवळ चहा करत होती आणि माझ्याकडे पाठ करून ऐकत होती, म्हणून मी मोठ्याने वाचलं, अडखळत, माझ्या इंग्रजीत. घंटावाली परत आली. कशी ते सांगत नाही, तुमच्यापैकी कुणाला वाचायचं असेल. जिथे ‘वर्ल्ड’ आलं तिथे मी ‘प्रपंच’ म्हटलं, दर वेळी, आणि दर वेळी पाठमोरी मौनिका हसली.

पुस्तक मिटलं. तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. सवयीने त्यात स्ट्रॉ घातला होता.

“मौनिका,” मी म्हटलं, “मला तुझ्यावर खूप अभिमान आहे.”

ती गोंधळली. मग मी शिकवलं होतं ते आठवून, हळूच म्हणाली, “तुझा... असं ना, अत्तम्मा?”

“नाही गं,” मी म्हटलं. “तुझ्यावर.”